सोळा महिन्यांची एकजूट

१ ऑक्टोबर २०१२ रोजी अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात मिनेसोटा ऑर्केस्ट्राच्या वादकांवर टाळेबंदी लादली गेली. आदल्या दिवशी त्यांचा पाच वर्षांचा करार संपला होता. नवा करार मान्य असेल तर या, नाहीतर पगार नाही, आरोग्य विमा नाही आणि वाजवायला मंचही नाही, असा व्यवस्थापनाचा पवित्रा होता. वादकांनी संप पुकारला नव्हता. बोलणी चालू ठेवू, तोवर आम्ही वाजवत राहतो, वाटल्यास लवादापुढे जाऊ आणि त्याचा निर्णय दोघांनीही मानू, असं ते सांगत होते. गिरणगावाचा इतिहास ज्याला माहीत आहे त्या मराठी वाचकाला संप आणि टाळेबंदी यांतला फरक समजावून सांगायला नको.

ही टाळेबंदी जानेवारी २०१४ च्या मध्यापर्यंत चालली. वादक कामावर रुजू झाले ते फेब्रुवारीत. एक सबंध हंगाम बुडाला, दुसऱ्यातले पहिले काही महिने गेले. या काळात प्रस्ताव आले, मुदती आल्या आणि टळून गेल्या, काही सहकारी दुसऱ्या शहरांत निघून गेले, पण जे राहिले त्यांची फळी फुटली नाही. संगीताच्या जगात कामगारांच्या एकीची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. मिनेसोटाची ही गोष्ट सांगायला हवी, कारण एकी कशाकशाची बनलेली असते ते तिच्यात स्पष्ट दिसतं.

शंभर वर्षांची मिळकत

हा वाद्यवृंद १९०३ मध्ये ‘मिनियापोलिस सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ या नावाने सुरू झाला. धान्याच्या पेठा आणि पिठाच्या गिरण्यांवर वाढलेलं हे शहर. बर्फाळ हिवाळ्याच्या त्या मुलखात जर्मनीहून आलेल्या एमिल ओबरहॉफर यांनी वाद्यवृंदाची पहिली घडी बसवली. पुढे युजीन ऑर्मंडी, दिमित्री मित्रोपुलोस, अंताल दोराती असे नामवंत कंडक्टर इथे येऊन गेले. १९६० पासून १९७९ पर्यंत ही जबाबदारी पोलंडहून आलेल्या स्टॅनिस्लाव स्क्रोव्हाचेव्स्की यांच्याकडे होती. त्यांच्याच कारकिर्दीत, १९६८ मध्ये, वाद्यवृंदाने राज्याचं नाव घेतलं आणि १९७४ मध्ये शहराच्या मध्यवस्तीत ‘ऑर्केस्ट्रा हॉल’ उभा राहिला. त्याच्या छतावर आणि मंचामागच्या भिंतीवर बसवलेले तिरपे पांढरे ठोकळे आवाज सभागृहभर नीट पसरवतात.

२००३ मध्ये फिनलंडचे ऑस्मो व्हॅन्स्का प्रमुख कंडक्टर म्हणून आले. ते मूळचे क्लॅरिनेटवादक. तालमीत हळुवार जागा किती हळुवार वाजवता येईल यावर ते तासन्‌तास घालवत. त्यांनी या वाद्यवृंदाकडून बेथोवेनच्या सगळ्या सिम्फनी ध्वनिमुद्रित करून घेतल्या, मग आपल्या मायदेशाच्या सिबेलियसकडे वळले. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम ऐकून ‘द न्यूयॉर्कर’चे समीक्षक ॲलेक्स रॉस यांनी लिहिलं की, त्या संध्याकाळी हा वाद्यवृंद आपल्या कानांना जगातला सर्वश्रेष्ठ वाटला. त्यानंतर दोनच वर्षांत त्याच वाद्यवृंदाच्या सभागृहाचे दरवाजे त्याच्याच वादकांना बंद झाले.

वाद्यवृंद म्हणजे नेमकं काय, हे इथे ध्यानात घ्यायला हवं. एका जागेसाठी देशभरातून वादक ऑडिशनला येतात, पडद्यामागे बसून वाजवतात आणि त्यांतला एखादाच निवडला जातो. मग पहिली काही वर्षं त्याला कायमचं करायचं की नाही हे पाहिलं जातं. पण खरा वाद्यवृंद त्याच्या पुढच्या वर्षांत घडतो. गज कुठे उलटायचा, हॉर्न कधी श्वास घेणार, ओबोचा सूर किंचित चढा लागला तर बासरीने काय करायचं, हे हळूहळू अंगवळणी पडतं. वर्षानुवर्षं एकत्र बसलेल्या भजनी मंडळात टाळ कधी पडायचा हे कुणी कुणाला सांगत नाही, तसंच हे. ही मिळकत कुणा एकट्याची नसते आणि ताळेबंदात ती दिसतही नाही. माणसं पांगली की ती जाते आणि नवी माणसं आणून लगेच परत मिळत नाही.

मतदानाचा हक्क

२०१२ मध्ये मिनेसोटाच्या वादकांकडे जी ताकद होती तिची पायाभरणी पन्नास वर्षांपूर्वी झाली होती.

अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स ही वादकांची मोठी युनियन १८९६ पासूनची. पण तिच्यात हॉटेलांतले, नाचगाण्याच्या दिवाणखान्यांतले, रेडिओवरचे असे हजारो वादक होते. सिम्फनी वाद्यवृंदांचे वादक त्यांच्यात मूठभर. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक शहरांत वाद्यवृंदाचा करार युनियनचे स्थानिक पदाधिकारी आणि व्यवस्थापन बंद खोलीत ठरवत. ज्यांनी त्या करारावर राबायचं त्या वादकांना तो मंजूर की नामंजूर, हे सांगायचाही अधिकार नसे. हंगाम वर्षातले काही महिनेच चाले. उरलेल्या दिवसांत नामांकित वाद्यवृंदातले व्हायोलिनवादकसुद्धा शिकवण्या करत, दुकानांत काम करत.

मे १९६२ मध्ये निरनिराळ्या शहरांतल्या वादकांचे प्रतिनिधी शिकागोत जमले. त्यातून ‘इंटरनॅशनल कॉन्फरन्स ऑफ सिम्फनी अँड ऑपेरा म्युझिशियन्स’ ही संघटना उभी राहिली. तिच्या आद्याक्षरांवरून वादक तिला ‘इक्सम’ म्हणतात. तिच्या मागण्या साध्या होत्या: करारावर आम्हाला मत देऊ द्या, वाटाघाटींच्या टेबलावर आमचे प्रतिनिधी बसू द्या, दुसऱ्या वाद्यवृंदांत पगार किती आणि नियम काय ही माहिती आम्हाला एकमेकांना देऊ द्या. पुढच्या काही वर्षांत एकेका वाद्यवृंदाने या गोष्टी पदरात पाडून घेतल्या. १९६० च्या दशकातच न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने वर्षभराच्या, बावन्न आठवड्यांच्या कामाचा करार मिळवला आणि मग तो इतरत्र मापदंड ठरला. सिम्फनी वादक हा पूर्णवेळ, घर चालवता येईल असा पेशा झाला तो या लढ्यामुळे.

या संघटनेची एक रीत पुढे फार मोलाची ठरली. कुठल्याही वाद्यवृंदावर संप किंवा टाळेबंदीची पाळी आली की बाकीच्यांना आवाहन जातं आणि देशभरचे वादक आपापल्या खिशातून पैसे पाठवतात. शिवाय युनियनचा संप निधी असतो तो वेगळा. वर्षानुवर्षं इतरांसाठी पैसे देत आलेल्या मिनेसोटाच्या वादकांना आता स्वतःला मदत घ्यायची वेळ आली.

तुटीचं कारण, तुटीची वेळ

व्यवस्थापनाची बाजू अगदीच पोकळ नव्हती. २००८ च्या आर्थिक पडझडीत देशातल्या सगळ्याच वाद्यवृंदांच्या गंगाजळीला भगदाड पडलं. तिकीटविक्रीतून अशा संस्थेचा निम्मा खर्चही निघत नाही, बाकीचा भार देणग्या आणि गंगाजळीच्या व्याजावर. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने २०११ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. डेट्रॉइटचे वादक २०१०-११ मध्ये सहा महिने संपावर होते आणि शेवटी मोठी पगारकपात स्वीकारून परतले. २०१२ च्या शरद ऋतूत तर अटलांटा, इंडियानापोलिस, मिनियापोलिस आणि जुळं शहर सेंट पॉल इथल्या चार वाद्यवृंदांवर पाठोपाठ टाळेबंदी आली.

मिनेसोटात एप्रिल २०१२ मध्ये व्यवस्थापनाने पहिला प्रस्ताव ठेवला. सरासरी वार्षिक पगार १,३५,००० डॉलरवरून ८९,००० वर आणायचा होता, म्हणजे सुमारे ३४ टक्क्यांची कपात. सोबत कामाच्या नियमांत दोनशेहून अधिक बदल. विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षपदी वेल्स फार्गो बँकेचे जॉन कॅम्पबेल होते, वाटाघाटींची धुरा यूएस बँकेचे प्रमुख रिचर्ड डेव्हिस यांच्याकडे होती आणि रोजचा कारभार मुख्याधिकारी मायकेल हेन्सन पाहत होते.

सव्वा लाखाच्या वर डॉलर मिळवणाऱ्यांना कामगार कसं म्हणायचं, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. पण अशा जागेपर्यंत पोचायला बालपणापासूनची वीस वर्षं लागतात. वाद्य वादकाला स्वतःच्या पैशाने घ्यावं लागतं आणि चांगल्या तंतुवाद्याची किंमत घराच्या किमतीला भिडते. खांदे, मनगटं, ओठ झिजतात. शिवाय देशातल्या पहिल्या दहांत गणला जाणारा वाद्यवृंद पगारात एकदा घसरला की उत्तम वादक तिथे ऑडिशनलाच येत नाहीत आणि असलेले थांबत नाहीत. मुख्य म्हणजे पगार कितीही असो, ज्याच्या कामाच्या अटी दुसरा ठरवतो आणि ज्याला कामाच्या दाराबाहेर काढता येतं तो कामगारच.

वादकांनी लगेच उलट आकडा ठेवला नाही. आधी दोघांना मान्य असलेल्या तटस्थ तज्ज्ञाकडून हिशेब तपासून घ्या, मग आकडे बोलू, असं ते म्हणाले. यामागे कारण होतं. एकीकडे तूट दाखवली जात होती आणि त्याच वेळी ऑर्केस्ट्रा हॉलच्या नूतनीकरणावर सुमारे ५ कोटी डॉलर खर्च होत होते. त्यांतले १.४ कोटी डॉलर राज्याच्या रोख्यांतून आले होते. टाळेबंदी सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच, नोव्हेंबर २०१२ मध्ये, ‘स्टार ट्रिब्यून’ या स्थानिक दैनिकाने विश्वस्त मंडळाच्या जुन्या बैठकांची टिपणं छापली. २००९ च्या त्या चर्चेत हे आलं होतं की, राज्याकडे आणि देणगीदारांकडे पैसे मागायच्या दोन वर्षांत जमाखर्च जुळलेला दाखवावा आणि वादकांशी करार करायची वेळ जवळ आली की तूट दाखवावी. गंगाजळीतून कोणत्या वर्षी किती उचलायचं, यावर हे सगळं ठरत होतं. मंदी खरी होती, पण तूट कधी दिसावी हे माणसांनी ठरवलं होतं. हिशेब तपासण्याची वादकांची मागणी किती रास्त होती हे त्या टिपणांनी शहराला पटवलं.

स्वतःच्या हिमतीवर मैफल

गिरणी बंद पडली की कामगाराचे हात रिकामे होतात, कारण माग मालकाचा असतो. वादकाचं वाद्य त्याचं स्वतःचं असतं. मिनेसोटाच्या वादकांनी पहिल्याच महिन्यात याचा फायदा घेतला.

१८ ऑक्टोबर २०१२ रोजी त्यांनी मिनियापोलिस कन्व्हेन्शन सेंटरमध्ये स्वतःची मैफल भरवली. हॉलचं काम चालू असल्यामुळे त्या वर्षीचा अधिकृत हंगाम याच जागी व्हायचा होता. त्याचे सुरुवातीचे कार्यक्रम व्यवस्थापनाने रद्द केले होते. त्यामुळे त्याच इमारतीत, त्याच सुमारास, तेच वादक हंगामाचं उद्‌घाटन करत होते, फक्त मालकाशिवाय. कंडक्टर म्हणून उभे होते स्क्रोव्हाचेव्स्की, वय ८९. अर्ध्या शतकापूर्वी ज्यांनी या वाद्यवृंदाची सूत्रं हाती घेतली आणि ज्यांच्या आग्रहामुळे ऑर्केस्ट्रा हॉल उभा राहिला ते वृद्ध गृहस्थ वादकांच्या बाजूने येऊन उभे राहिले, याचा अर्थ शहरातल्या प्रत्येक जुन्या रसिकाला कळला.

कार्यक्रमात द्वोर्झाकचा चेलो कन्चेर्टो होता. एकल वादनाला कुणी पाहुणा बोलावला नव्हता, वाद्यवृंदाचेच प्रमुख चेलोवादक अँथनी रॉस पुढे येऊन बसले. द्वोर्झाक १८९३ मध्ये याच भागातल्या मिनेहाहा धबधब्यावर येऊन गेला होता, त्यामुळे इथल्या लोकांना तो जरा आपलाच वाटतो. उत्तरार्धात शोस्ताकोविचची पाचवी सिम्फनी. स्टालिनच्या राजवटीत जाहीर निर्भर्त्सना झाल्यावर १९३७ मध्ये रचलेली ही कृती. तिच्या संथ तिसऱ्या भागात पितळी वाद्यं गप्प असतात आणि तंतुवाद्यं अनेक पदरांत विभागून इतक्या हलक्या आवाजात वाजवतात की एक गज जरी जड पडला तरी सगळ्यांना कळतं. पगार थांबलेल्या माणसांनी हा भाग एका जिवाने वाजवला. आम्ही अजून वाद्यवृंद आहोत, हे सांगायचा त्यांच्याकडे याहून चांगला मार्ग नव्हता.

पुढे अशा मैफली होत राहिल्या. तिकिटं छापणं, सभागृह ठरवणं, स्वरलिपीच्या प्रती मिळवणं, खुर्च्या आणि स्टँड लावणं ही कामं आजवर कार्यालय करत असे. आता ती वादक करू लागले. शाळकरी मुलांसाठीही त्यांनी वाजवलं. सिबेलियसच्या दुसऱ्या आणि पाचव्या सिम्फनीच्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमीचं नामांकन मिळालं होतं. त्यानिमित्त फेब्रुवारी २०१३ मध्ये महापौर आर. टी. रायबॅक आणि जुन्या देणगीदार घराण्यातल्या जूडी डेटन यांनी यजमानपद घेतलं आणि त्याच दोन सिम्फनी वाजवल्या गेल्या. कंडक्टर होते व्हॅन्स्का. ज्यांच्या कलाकृतीचा जगात गौरव होत होता त्यांना स्वतःच्या शहरात काम नव्हतं.

या मैफलींनी आणखी एक गोष्ट साधली. घरी बसलेला माणूस एकटा पडतो, आणि तो आधी खचतो, मग फुटतो. महिन्या-दोन महिन्यांनी तालमीला एकत्र जमणारी माणसं एकमेकांच्या डोळ्यांसमोर राहिली.

पैसा आणि पांगापांग

एकी टिकायला चूलही पेटावी लागते. युनियनच्या निधीतून काही मदत आली, बेकार भत्त्याचाही आधार झाला. पण मोठा आधार इतर वाद्यवृंदांचा. इक्समच्या आवाहनावर देशभरातल्या वादकांनी पैसे पाठवले. त्यांत ज्यांच्या स्वतःच्या पगाराला नुकतीच कात्री लागली होती तेही होते. इतर वाद्यवृंदांनी मिनेसोटाच्या वादकांना बदली म्हणून बोलावलं. त्यामुळे कुणी दोन आठवडे एका शहरात, तीन आठवडे दुसऱ्या शहरात वाजवून घरी परतत असे. मुलांची शाळा, आजारी आईवडील, घराचे हप्ते सांभाळून हे करावं लागत होतं. आरोग्य विम्याचा हप्ता आता पदरचा.

हा मार्ग दुधारी होता. बदली म्हणून गेलेल्या वादकाला तिथे कायमची जागाही मिळू शकते. तसं झालंही. पंचवीस वर्षांचे प्रमुख क्लॅरिनेटवादक बर्ट हारा लॉस एंजेलिसला गेले, तेही दुय्यम स्थानावर. इतरही अनेक गेले. राहिलेल्यांनी गेलेल्यांना गद्दार म्हटलं नाही. प्रत्येकाच्या घरची परिस्थिती वेगळी असते हे त्यांनी मान्य केलं आणि ही समजूतदार वागणूक माझ्या मते त्यांच्या एकीचा भक्कम भाग होती. ठरलेलं बंधन एकच होतं: कुणी आपल्यापुरता वेगळा समझोता करायचा नाही.

त्याच राज्यात, त्याच काळात, उत्तरेकडच्या रेड नदीच्या खोऱ्यात बीटाच्या साखरेचे कामगारही टाळेबंदीत होते. अमेरिकन क्रिस्टल शुगरच्या सुमारे १,३०० कामगारांना ऑगस्ट २०११ मध्ये बाहेर काढण्यात आलं. कंपनीने बदली कामगार आणून कारखाने चालवले आणि एप्रिल २०१३ मध्ये मूळ कामगारांना आधी नाकारलेलाच करार मान्य करावा लागला. साखरेचं आणि संगीताचं काम वेगळं, पण या तुलनेतून वादकांची खरी ताकद कळते. त्यांच्या जागी बदली माणसं आणून मिनेसोटा ऑर्केस्ट्रा चालवता येत नव्हता. देशातले कसलेले वादक त्याच संघटनेत बांधलेले होते, त्यांतलं कुणी त्या खुर्च्यांवर बसायला आलं नाही.

श्रोते मैदानात

सुरुवातीला श्रोत्यांना वाटत होतं की, हा दोन पक्षांमधला पैशाचा वाद आहे, मिटेल. महिने उलटले तसे ते अस्वस्थ झाले. ‘ऑर्केस्ट्रेट एक्सलन्स’ आणि पुढे ‘सेव्ह अवर सिम्फनी मिनेसोटा’ असे श्रोत्यांचे गट उभे राहिले. त्यांनी नुसत्या सह्या गोळा केल्या नाहीत. संस्थेची करविवरणपत्रं, लेखापरीक्षणं, सरकारी अनुदानाची कागदपत्रं मिळवली, जाहीर सभांत तक्ते लावून लोकांसमोर मांडली. विधिमंडळातही सार्वजनिक पैशाचा प्रश्न विचारला गेला. ज्या हिशेबाची तपासणी वादक मागत होते तो हिशेब आता श्रोते करू लागले.

एप्रिल २०१३ च्या शेवटी सेंट पॉल चेंबर ऑर्केस्ट्राची टाळेबंदी उठली. मिनियापोलिसमध्ये मात्र काही हलेना. उत्तर आयर्लंडच्या शांतता वाटाघाटी घडवणारे माजी सिनेटर जॉर्ज मिचेल मध्यस्थ म्हणून आले. आधी टाळेबंदी उठवावी, ठरावीक मुदत जुन्या करारावर काम सुरू व्हावं आणि त्या मुदतीत बोलणी व्हावीत, असा मार्ग त्यांनी सुचवला. वादकांनी तो मान्य केला, विश्वस्त मंडळाने नाकारला.

व्हॅन्स्का आजवर जाहीरपणे कुणाची बाजू घेत नव्हते. एप्रिलमध्येच त्यांनी मंडळाला लिहून कळवलं होतं की, नोव्हेंबरमधले कार्नेगी हॉलचे कार्यक्रम रद्द झाले तर मी राजीनामा देईन. ३० सप्टेंबर २०१३ ला व्यवस्थापनाने ते कार्यक्रम रद्द केले. दुसऱ्याच दिवशी, टाळेबंदीला वर्ष पुरं होत असताना, व्हॅन्स्कांनी पद सोडलं. तरुण संगीतकारांना इथे घडवणाऱ्या उपक्रमाचे प्रमुख, संगीतकार ॲरन जे कर्निस यांनीही राजीनामा दिला.

४ आणि ५ ऑक्टोबरला मिनेसोटा विद्यापीठाच्या टेड मान सभागृहात वादकांनी व्हॅन्स्कांसाठी निरोपाचे कार्यक्रम केले. पियानोवादक इमॅन्युएल ॲक्स त्यांच्यासोबत बेथोवेन वाजवायला आले. शेवटी व्हॅन्स्का श्रोत्यांकडे वळले आणि म्हणाले की, यानंतर सिबेलियसचं ‘व्हाल्स त्रिस्त’ वाजवणार आहोत, ते संपल्यावर टाळ्या वाजवू नका. ही रचना मृत्यूशी होणाऱ्या नृत्याची. वादन संपलं आणि श्रोते एक शब्द न बोलता बाहेर पडले. अनेकांच्या डोळ्यांत पाणी होतं. राज्यभर रेडिओवरही हे ऐकलं गेलं. त्या दिवसानंतर मिनेसोटात या वादाकडे आकड्यांचा वाद म्हणून पाहणं कुणालाच शक्य राहिलं नाही.

मिळालं काय, गमावलं काय

वादकांनी २०१४ चा स्वतःचा हंगाम जाहीर केला. एकीकडे मालकाशिवाय चालणारा वाद्यवृंद, दुसरीकडे ५ कोटी डॉलर खर्चून सजवलेलं पण रिकामं सभागृह, असं चित्र उभं राहिलं. १४ जानेवारी २०१४ रोजी तीन वर्षांचा करार झाला. पहिल्या वर्षी पगारात १५ टक्के कपात, मग थोडी थोडी वाढ, तिसऱ्या वर्षाअखेर २०१२ च्या पगारापेक्षा सुमारे १० टक्के कमी. आरोग्य विम्याचा जास्त वाटा वादकांच्या माथी. कामाचे बहुतेक नियम शाबूत. जुन्या करारात ९५ जागा होत्या. आता कायम वादक ७७ उरले होते, ते तीन वर्षांत ८४ करायचे ठरले.

हा विजय होता असं मी म्हणणार नाही. सोळा महिन्यांचा पगार गेला तो गेला, गेलेले सहकारी परतले नाहीत. पण ३४ टक्क्यांची मागणी १५ वर आली, नियम वाचले आणि वाद्यवृंद देशातल्या पहिल्या दहांच्या पगारात टिकला. डेट्रॉइटच्या वादकांना जे जमलं नव्हतं त्यातलं बरंच इथे जमलं.

करारानंतर बाराच दिवसांनी सिबेलियसच्या पहिल्या आणि चौथ्या सिम्फनीच्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळालं. ७ फेब्रुवारीला ऑर्केस्ट्रा हॉल पुन्हा उघडला तेव्हा कंडक्टर होते नव्वदीतले स्क्रोव्हाचेव्स्की आणि कार्यक्रमात बेथोवेनची ‘एरोइका’. मार्चच्या अखेरीस व्हॅन्स्का पाहुणे म्हणून आले तेव्हा सभागृहभर फिनलंडचे निळे-पांढरे झेंडे फडकत होते. त्याच महिन्यात हेन्सन यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं होतं. त्यानंतर विश्वस्त मंडळातल्या आठ जणांनी राजीनामे दिले. २४ एप्रिलला व्हॅन्स्कांची पुन्हा नेमणूक झाली.

मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. वादक आता मंडळाच्या समित्यांत बसू लागले. कोणते कार्यक्रम करायचे, कुठे दौरा करायचा, पैसा कसा उभारायचा, या चर्चांत त्यांचा आवाज आला. मे २०१५ मध्ये हा वाद्यवृंद हवानाला गेला. अमेरिका आणि क्यूबा यांचे संबंध सुधारू लागल्यावर तिथे गेलेला हा पहिला मोठा अमेरिकी वाद्यवृंद. त्याच महिन्यात, जुना करार संपायला दीड वर्ष बाकी असताना, २०२० पर्यंतचा नवा करार झाला. २०१८ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले. ज्या दोन पक्षांना एका खोलीत बसवायला मध्यस्थ लागला होता ते आता मुदतीआधी करार करत होते.

हे सगळं कशाच्या जोरावर झालं? वादकांनी घोषणा फारशा दिल्या नाहीत. १९६२ नंतरच्या लढ्यात मिळवलेला मतदानाचा हक्क त्यांच्याकडे होता, म्हणून चार पदाधिकाऱ्यांवर दबाव आणून करार उरकता आला नाही. इतर शहरांतल्या वादकांची वर्गणी होती, म्हणून उपासमारीने कुणाला वाकवता आलं नाही. वाजवत राहण्याची शिस्त होती, म्हणून श्रोते त्यांना विसरले नाहीत. आणि श्रोत्यांनी कागदपत्रं वाचली, म्हणून खरं-खोटं शहरासमोर आलं. यांतलं एकही सोळा महिन्यांत निर्माण झालेलं नव्हतं. वर्गणी देण्याची सवय, एकमेकांना माहिती देण्याची सवय, संगीतावर जीव टाकणारा श्रोता, हे सगळं सुखाच्या दिवसांत जपलं गेलं होतं म्हणून संकटात कामी आलं.

सप्टेंबर २०१४ मध्ये अटलांटाच्या वादकांवर दोन वर्षांत दुसऱ्यांदा टाळेबंदी आली. त्यांचे कंडक्टर रॉबर्ट स्पॅनो या वेळी उघडपणे वादकांच्या बाजूने बोलले, श्रोत्यांनीही तत्काळ संघटना उभारली आणि नोव्हेंबरमध्ये करार झाला. मिनेसोटाला जे कळायला वर्ष लागलं ते अटलांटाला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. एका शहरातल्या माणसांनी सोसलेलं दुसऱ्या शहराच्या असं उपयोगी पडतं. कामगारांच्या संघटनेचं सगळ्यांत मोठं काम तेच आहे आणि ज्यांनी व्हायोलिन किंवा हॉर्न हाती धरलेला आहे त्यांनाही ते चुकलेलं नाही.